दोषी सापडला, कारण राहिलं

कारखान्यात अपघात झाला की दोन प्रश्न उभे राहतात. चुकलं कोण, हा पहिला आणि घडलं कशामुळे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा पाळी संपायच्या आत मिळतं, आणि ते मिळालं की दुसरा प्रश्न विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. शिरवळ, सातारा, तासवडे, पलूस, कुपवाड, मिरज ही सातारा-सांगलीतल्या औद्योगिक वसाहतींची रांग पाहिली, तर तिथे मोठे कारखाने मोजके आणि पंधरा-वीस माणसांवर चालणारे छोटे कारखाने फार. या छोट्या कारखान्यांना दुसरा प्रश्न विचारणं परवडतं का, विचारलाच तर कुठवर विचारायचा आणि त्या नादात चुकणारा मोकळा सुटतो का, यावरचा एक वाद पुढे दिला आहे. कुपवाडला ओतकामाचा कारखाना चालवणारे अण्णा आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या कारखान्यांत सुरक्षेचं प्रशिक्षण देणाऱ्या साताऱ्याच्या ताई ही पात्रं कल्पित आहेत. ज्या घटनांचा आणि कायद्यांचा ती आधार घेतात, ते मात्र खरे आहेत. कौल माझा आहे आणि तो शेवटी दिला आहे.

अण्णा : ताई, तुमचं म्हणणं मला असं कळलं, की ‘कामगाराचं दुर्लक्ष’ एवढंच लिहून चौकशीची फाइल बंद करायची नाही. पण दुर्लक्ष खरंच झालं असेल तर दुसरं लिहायचं काय? हातमोजे दिले, तर घाम येतो म्हणून काढून ठेवतात. चष्मा डोळ्यांवर कमी आणि टोपीवर जास्त असतो. प्रेसखाली हात सापडू नये म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची सोय केली, तर एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवतात. करणाऱ्यानं सोय केली, मोडणाऱ्यानं ती मोडली. मग बोट गेलं ते कोणामुळे? आणि हे मी एकटा म्हणत नाही. हर्बर्ट हाइनरिश नावाच्या अमेरिकी विमा कंपनीतल्या माणसानं १९३१ मध्ये हजारो अपघातांच्या नोंदी पाहून लिहून ठेवलंय, की शंभरातले ८८ अपघात माणसाच्या धोकादायक वागण्यामुळे होतात, १० यंत्राच्या किंवा जागेच्या दोषामुळे, आणि उरलेले २ टाळता न येण्यासारखे. तुमच्याच क्षेत्रातली मंडळी हा आकडा भिंतीवर लावतात. मग मी फाइलमध्ये तेच लिहिलं तर चुकलं कुठं?

ताई : आकडा खरा आहे, अण्णा, पण तो निघाला कशातून ते बघा. हाइनरिश ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत होता. त्यानं ७५,००० नोंदी घेतल्या. त्यांतल्या काही विम्याच्या निकाली दाव्यांमधल्या होत्या आणि बहुतेक कारखानदारांच्या दप्तरातल्या. म्हणजे ज्याच्या देखरेखीखाली अपघात झाला, त्याच्याच बाजूनं कारणाचा रकाना भरला गेला. त्या रकान्यात आपलं नाव कोण घालेल? सुपरवायझर आणि मालक कोणाला जबाबदार धरत होते, एवढंच ८८ हा आकडा सांगतो. आता तुमची चिकटपट्टी घ्या. ती लावणाऱ्याला बाजूला करा आणि तेवढ्याच अनुभवाचा दुसरा माणूस तिथे उभा करा. तो पट्टी काढून टाकत असेल, तर दोष पहिल्या माणसात होता आणि तुमचं म्हणणं बरोबर. पण तोही लावत असेल, तिन्ही पाळ्यांत पट्टी दिसत असेल, तर प्रेसकडे वळा. मजुरी नगावर आहे का? डाय घासला असल्यामुळे पत्रा अडकतोय का, आणि तो सोडवायला हात आत घालावा लागतोय का? सुपरवायझर येता-जाता ती पट्टी बघतो आणि महिनाअखेरीला नग मोजून पाठ थोपटतो, असं तर नाही? पट्टी लावणं चूकच आहे. पण वर्षभर तिला उत्पादन म्हणायचं आणि बोट गेलं त्या दिवशी तिला दुर्लक्ष म्हणायचं, हे चौकशीत चालणार नाही.

अण्णा : तिन्ही पाळ्यांचं मान्य. पण जिथे हजार माणसं नीट वागतात आणि एकच चुकतो, तिथे काय म्हणाल? खंबाटकी घाट घ्या. १० एप्रिल २०१८ ला कर्नाटकातल्या विजयपूर भागातून शिरवळकडे बांधकामाच्या कामाला निघालेल्या मजुरांची गाडी बोगद्याच्या पुढच्या ‘एस’ वळणावर उलटली आणि १८ जण गेले. चालकाचा ताबा सुटला, असंच सगळ्यांनी छापलं. त्याच दिवशी त्याच वळणावरून हजारो गाड्या सुखरूप उतरल्या. वळण सगळ्यांना सारखंच होतं, उलटली ती एकच गाडी. मग फरक कशात होता? चालवणाऱ्यातच ना? तुम्ही म्हणाल दुसरा माणूस उभा करा. इथे तर हजारो दुसरी माणसं उभी केलेली होती आणि सगळी पास झाली.

ताई : तुमचा हिशेब एका दिवसाचा आहे, अण्णा. वर्षांचा हिशेब मांडा. खंबाटकीचं ते वळण २०१८ च्या आधीही अपघातांसाठी ओळखलं जात होतं. चालक दर वेळी वेगळा, गाडी वेगळी, जागा मात्र तीच. एका दिवसाकडे पाहिलं की माणसांमधला फरक दिसतो, दहा वर्षांकडे पाहिलं की जागेचा दोष दिसतो. दोन्ही खरे आहेत, पण पुढच्या गाडीसाठी उपयोगाचा एकच. उद्या तिथून कोण जाणार, तो झोपलेला असेल की जागा, हे तुम्हाला ठरवता येत नाही. वळण काढणं ठरवता येतं. म्हणून तर महामार्ग प्राधिकरणानं तिथे नव्या सहापदरी बोगद्याचं काम घेतलं, आणि ‘एस’ वळण जाऊन अपघाताचा धोका कमी होईल हे त्या कामामागचं जाहीर कारण आहे. रस्त्याच्या अभियंत्यांनी चालकाला शिकवण्यावर काम भागवलं नाही. आणि मी आणखी एक प्रश्न विचारते, जो ‘ताबा सुटला’ असं लिहिल्यावर कोणी विचारत नाही. मजूर मालवाहू गाडीत का होते? परराज्यातल्या मजुराला कामावर आणताना निदान प्रवासभाड्याइतका भत्ता ठेकेदारानं द्यावा, असं १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात लिहिलं होतं. मजूर एस.टी.नं किंवा रेल्वेनं यावा, यासाठीच ती तरतूद होती. कामाला नेणारा प्रवास हा कामाचाच भाग मानला, तर चौकशी चालकाच्या सीटपाशी थांबत नाही. भाडं कोणी वाचवलं, हे विचारण्यापर्यंत ती जाते.

अण्णा : हेच माझं दुखणं आहे. तुमच्या ‘का’ ला शेवट नाही. माझ्याच धंद्यातलं उदाहरण देतो. समजा, भट्टीत ओलं भंगार पडलं, रस उसळला आणि समोरचा भाजला. १,४०० अंशांच्या वरच्या रसात पाणी गेलं की त्याची वाफ क्षणात दीड हजारांहून अधिक पटीनं फुगते, हे भट्टीवरच्या नव्या पोरालाही आम्ही पहिल्या दिवशी सांगतो. तरी त्यानं ओलं भंगार टाकलं. माझ्या लेखी कारण तिथेच संपलं. तुम्ही विचारणार, भंगार ओलं का? पावसात भिजलं. उघड्यावर का? शेड नाही. शेड का नाही? गिऱ्हाइकाचं बिल नव्वद दिवसांनी येतं, पैसा अडकलेला. त्याला दिसलं का नाही? रात्र होती. रात्री भट्टी का? महावितरणची वीज वर्षानुवर्षं रात्री दहा ते सहा स्वस्त पडायची म्हणून. झालं! म्हणजे पोरगा भाजला तो वीज नियामक आयोगामुळे? पाच वेळा ‘का’ विचारलं तर मंत्रालयात पोहोचतो, दहा वेळा विचारलं तर ब्रह्मदेवापाशी. टोयोटाला असं ‘का’ विचारत जाणं जमतं, कारण त्यांच्याकडे विचारायला माणसं आणि बदलायला पैसे आहेत.

ताई : तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण आत्ताची तुमची चौकशी मी वाचलेल्या पुष्कळ अहवालांपेक्षा चांगली होती. फक्त एक घोळ झाला. तुम्ही एकाच दोरीनं खाली उतरत गेलात आणि तळाशी एकच ‘मूळ’ सापडेल असं धरून चाललात. मूळ कारण एकच असतं, हा समज सोडला पाहिजे. तुमच्या भट्टीच्या घटनेत निदान पाच गोष्टी एकत्र आल्या : उघड्यावरचं भंगार, ते निवडून न घेणं, रात्रीचा अपुरा उजेड, हातानं आणि जवळून भट्टी भरायची पद्धत, आणि कामावरचा माणूस. यांतली एखादी जरी नसती, तरी बहुधा तो वाचला असता. मग थांबायचं कुठे? जिथे तुमचा हात पोहोचतो तिथे. भंगारावर पत्र्याचं छप्पर घालणं, बंद नळ्या आणि डबे वेगळे काढायला एक माणूस नेमणं, घसरणीवरून लांबून भंगार सोडणं, दिवे वाढवणं, हे तुमच्या फाटकाच्या आतलं आहे. ते करा. बिल नव्वद दिवसांनी देणारं गिऱ्हाईक आणि विजेचा दर फाटकाच्या बाहेरचे आहेत. ते ज्याच्या हातात आहेत त्याला लिहून कळवा आणि नोंद ठेवा. तुम्ही दोन्ही टोकांना थांबता, ते चुकतं. पहिलं टोक म्हणजे पोरगा, दुसरं ब्रह्मदेव. पोराला रागावून उद्याचं भंगार कोरडं होत नाही आणि ब्रह्मदेवाला कागद पोहोचत नाही. ज्या गोष्टी बदलल्या तर त्याच जागी उभा राहणारा पुढचा माणूस वाचेल, त्यांनाच मी कारण म्हणते. ज्याला शिक्षा करता येते तो दोषी असेलही. पण दोषी सापडला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही.

अण्णा : बरं, छप्पर घालीन. पण माणसाच्या अकलेचं तुम्ही काहीच मोल ठेवत नाही, हे मला खटकतं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेलं भांडार, तोंड बंद करून वर्ष-वर्ष हळद ठेवायची. आत हवा राहायची नाही. उघडल्याबरोबर कोणी उतरला तर गुदमरून जायचा. तिथल्या हमालांना कोणी सुरक्षा अधिकारी नेमला होता? पेव उघडायचं, काही वेळ तसंच ठेवायचं, मग कंदील आत सोडून बघायचा. कंदील विझला तर थांबायचं. लिहिता-वाचता न येणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे करत होती. २००५ च्या महापुरात पेवं बुडाली, पुष्कळ कायमची गेली. त्यांच्याबरोबर ती अक्कलही गेली असं मला वाटतं. आज टाकीत उतरताना मोबाइलवर बोलत उतरतात. तुम्ही सगळं यंत्रावर, जागेवर, पद्धतीवर ढकललंत, तर माणूस म्हणणार, माझा काय संबंध?

ताई : पेवाचं उदाहरण तुम्ही माझ्या बाजूनं दिलंत, अण्णा. कंदील ही एकट्या हमालाची अक्कल होती का? एखादा हमाल दारू पिऊन आला असेल, एखाद्याला घाई असेल, एखादा त्याच दिवशी कामाला लागलेला असेल, तरी पेव उघडं ठेवलं जायचं आणि कंदील आत जायचा. माणूस सावध आहे की नाही यावर काम सोडलेलं नव्हतं. रीतच अशी होती, की बेसावध माणूसही वाचावा. कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ३६ तेच सांगत होतं. टाकी, खड्डा, नळी किंवा वायू साचू शकेल अशा बंद जागेत उतरण्याआधी जाणकारानं तपासून लेखी दाखला द्यायचा, नाही तर उतरणाऱ्याला श्वसनाचं साधन आणि बाहेर दोरी धरणारा माणूस हवा. साखर कारखान्याची मळीची टाकी असो, डिस्टिलरीचा सांडपाण्याचा हौद असो, की गावातली शौचालयाची टाकी, सगळीकडे हेच सूत्र. ते पाळलं नाही की काय होतं? एक उतरतो आणि पडतो, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेनं १९८६ मध्येच नोंदवलं होतं, की बंद जागेतल्या मृत्यूंमध्ये ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू सोडवायला उतरणाऱ्यांचे असतात. मित्राला काढायला धावणाऱ्याला दुर्लक्षाचा दोष देणार? त्याच्याकडे धाडस होतं, जीव होता, माया होती. फक्त वर दोरी धरणारा कोणी नव्हता आणि कंदील सोडायची रीत नव्हती.

आणि जबाबदारीचं म्हणाल, तर माझ्या मांडणीत ती हरवत नाही, ती वर चढते. त्याच अधिनियमाच्या कलम ७-अ नं कामाची जागा आणि पद्धत सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कारखान्याच्या ताबेदारावर टाकली होती. कामगारानं साधनांत मुद्दाम ढवळाढवळ करू नये, हे कलम १११ मध्ये होतं. दोघंही जबाबदार आहेत. पण ‘एका माणसाची चूक’ हे कारण नेहमी वरच्यांनाच सोयीचं पडतं, याचा सर्वांत मोठा दाखला भोपाळचा आहे. १९८४ ला तिथे जी विषारी वायूची गळती झाली, ती एका असंतुष्ट कामगारानं टाकीत मुद्दाम पाणी सोडल्यामुळे झाली, असं युनियन कार्बाइड कंपनी सांगत राहिली. ते पळभर खरं धरा. तरी टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी होता आणि वायू धुऊन काढणारं यंत्र चालू स्थितीत नव्हतं, हे त्या कामगारानं केलं नव्हतं. आत पाणी कोणीही सोडो, बाहेर वायू येऊ न देण्याचे तिन्ही उपाय आधीच बंद पडलेले होते. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण घातलं गेलं. संसदेनं कामगारांना शिस्तीचे धडे दिले नाहीत, कारखानदारांवर कर्तव्यं घातली.

अण्णा : मग माझी शेवटची गोष्ट ऐका, आणि ही गोष्ट कोणी उघड बोलत नाही. तुम्ही म्हणता सगळी कारणं लिहा : छप्पर नव्हतं, उजेड कमी होता, भंगार निवडलं जात नव्हतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, की तोच कागद पोलिसांच्या हातात जातो. माणूस गेला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या ३०४-अ मध्ये दोन वर्षं होती. माझा वकील सांगतो, एक ओळ लिहू नका. विमेवाला सांगतो, सही करू नका. सुपरवायझरला वाटतं आपण अडकू, कामगाराला वाटतं नोकरी जाईल. म्हणून सगळे मिळून एकच वाक्य ठरवतो : त्याचं लक्ष नव्हतं. जो इस्पितळात आहे किंवा जगात नाही, त्याच्यावर ते ढकललं की बाकीचे सुटतात. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण खरं बोलण्याची किंमत मी एकट्यानं का द्यायची? मोठ्या कारखान्यांकडे कायदा विभाग आहे, सुरक्षा अधिकारी आहे. १९४८ च्या कायद्यात सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता तो १,००० कामगारांपासून. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत तो ५०० वर आला, धोकादायक प्रक्रियेसाठी २५० वर. माझ्याकडे वीस माणसं आहेत. मला कोण सांगणार, आणि मी कोणाच्या भरवशावर लिहिणार?

ताई : या मुद्द्यावर मी तुम्हाला खोडणार नाही, अण्णा. शिक्षेची चौकशी आणि कारणाची चौकशी एकाच कागदावर केली, तर दुसरी मरते. त्या दोन वेगळ्या ठेवायला हव्यात. गुन्हा घडला असेल तर पोलीस आणि न्यायालय त्यांचं काम करतील, करायलाच हवं. पण शिकण्यासाठी मृत्यूची वाट बघायची गरज नाही. ज्या दिवशी रस उसळला आणि कोणी भाजलं नाही, त्या दिवशी आपण ‘थोडक्यात निभावलं’ म्हणतो आणि चहा घेतो. खरी चौकशी त्या दिवशी करायची. कोणी जखमी नसतो, पोलीस नसतात, वकील नसतो, आणि कारणं तीच असतात. कायद्यालाही हे ठाऊक होतं. १९४८ च्या कायद्याचं कलम ८८-अ म्हणायचं, की ठरवून दिलेल्या धोकादायक घटना कोणाला इजा झाली असो वा नसो कळवायच्याच. विमानवाहतुकीनं हे फार पूर्वी ओळखलं. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांनी स्वतः कळवलेल्या चुका नासा ही संस्था गोळा करते, नावं काढून टाकते आणि सगळ्यांना वाचायला देते. ठरावीक अटींत कळवणाऱ्याला दंडातून सूटही मिळते. तिथेही माणसंच चुकतात. फक्त त्या चुका पुढच्याच्या कामाला येतात.

तुमच्या भागातलंच बघा. २१ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी कडेगाव तालुक्यात शाळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात रिअॅक्टरचा स्फोट होऊन वायू पसरला. तीन जण गेले, त्यांत एक सुरक्षारक्षक होता. आणखी काही जणांना कराडला दवाखान्यात न्यावं लागलं. रक्षक रिअॅक्टर चालवत नाही. त्याच्या हातून काही चुकणं शक्यच नव्हतं. तरी तो गेला, म्हणजे प्रश्न झडप फिरवणाऱ्याच्या पलीकडचे आहेत. दाब वाढला की तो सुरक्षित सुटायला वाट होती का, वायू कुठल्या दिशेला जातोय हे फाटकावरच्या माणसाला कळायची सोय होती का, भोंगा वाजला की पळायचं कुठे हे ठरलेलं होतं का, वायू पकडणारी यंत्रं होती का. शाळगावातल्या उत्तरांवर पोलीस काय करायचं ते करतील. पण हेच चार प्रश्न तासवडे, कुपवाड आणि शिरवळच्या प्रत्येक रासायनिक कारखान्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःला विचारायचे होते. एका वसाहतीतल्या मरणानं दुसऱ्या वसाहतीत काही बदलत नसेल, तर आपण चौकशी केली असं म्हणायला नको.

अण्णा : निभावल्याच्या दिवशी चौकशी, हे मला पटतं. छपरापेक्षा स्वस्त आहे. पण शेजारच्या कारखान्याला सांगायचं म्हणाल, तर तो उद्या माझ्या गिऱ्हाइकाला जाऊन सांगेल, की यांच्याकडे भट्टी उसळते. आणि एक अट माझी राहील. मुद्दाम नियम मोडणारा, दारू पिऊन पाळीवर येणारा, तीनदा सांगून चौथ्यांदा पट्टी लावणारा, यांच्यावर कारवाई करायला मला तुमच्या ‘पद्धतीचा दोष’ आड येता कामा नये.

ताई : येणार नाही. फक्त चौथ्या पट्टीच्या आधी तो डाय बदला. आणि शेजाऱ्याला सांगताना नाव सांगायचं नाही. काय घडलं, काय बदललं, एवढंच.

वाद इथे थांबला तरी निकाल लावावा लागतो, कारण तो लागला नाही की व्यवहारात अण्णांचं पहिलं म्हणणं आपोआप जिंकतं. ते सोपं आहे, फुकट आहे आणि लगेच सही होऊन जातं. माझा कौल ताईंच्या बाजूनं आहे, आणि त्यामागचं कारण दयेचं नाही, हिशेबाचं आहे. खंबाटकीचा चालक, भट्टीवरचा पोरगा, पट्टी लावणारा प्रेसवाला, यांच्यावर सगळा दोष ठेवून कितीही कडक शिक्षा केली, तरी वळण, ओलं भंगार आणि घासलेला डाय जागच्या जागी राहतात आणि पुढच्या माणसाची वाट पाहतात. चौकशीनंतर जागा, यंत्र, कामाची पद्धत, मजुरीचा दर किंवा ठेकेदाराशी केलेला करार यांतलं काहीच बदललं नसेल, तर ती चौकशी दोषी शोधून थांबली असं समजावं. अण्णांचे दोन मुद्दे मात्र सोडून चालणार नाही. मुद्दाम नियम मोडणाऱ्याची जबाबदारी वेगळी आणि स्पष्ट ठेवली पाहिजे, नाही तर नीट वागणाऱ्या कामगाराचाच चौकशीवरचा विश्वास उडतो. आणि खरं सांगणाऱ्याला खरं सांगितल्याची शिक्षा होणार असेल, तर कोणताही कायदा, कोणतंही प्रशिक्षण त्याच्याकडून ‘त्याचं लक्ष नव्हतं’ या वाक्याखेरीज दुसरं काही वदवून घेऊ शकणार नाही.

करण्यासारखं काम छोटं आहे आणि ते करू शकणाऱ्या संस्था दोन्ही जिल्ह्यांत आहेत. कुपवाडची कृष्णा व्हॅली चेंबर आणि साताऱ्याची मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन यांनी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाशी बोलून आपापल्या सभासदांकडून ‘थोडक्यात निभावलेल्या’ घटना नाव न घेता मागवाव्यात आणि दर महिन्याला त्यांतल्या निवडक घटनांचं एक पान सगळ्या कारखान्यांत लावावं. वीस माणसांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी परवडत नसेल. पन्नास कारखान्यांना मिळून एक पान परवडतं. त्या पानावर तीनच गोष्टी असाव्यात : काय घडलं, कोणकोणत्या गोष्टी एकत्र आल्यामुळे घडलं, आणि त्यांतली कोणती बदलली. आणि वाचणाऱ्यांत कोणी सुपरवायझर, मालक, ठेकेदार किंवा युनियनचा प्रतिनिधी असेल, तर त्याला एवढंच सांगायचं आहे : पुढच्या वेळी ‘कामगाराचं दुर्लक्ष’ असं लिहिलेला कागद सहीसाठी समोर आला, तर उद्या त्याच जागी उभ्या राहणाऱ्या माणसासाठी काय बदललं हे आधी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.